सबमरीनर काळं केलं म्हणजे सुधारलं का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महागडी घड्याळं 'कस्टमाइझ' करून घेण्याच्या हौशीवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सोबत काळं केलेलं रोलेक्सचं सबमरीनर, हिरे जडवलेलं ओदमार पिगे कंपनीचं रॉयल ओक, रंगीत डायलची रोलेक्सचीच डेटोना अशी छायाचित्रं होती. खर्चाचे आकडे होते, कोणत्या नटाच्या मनगटावर काय आहे हेही होतं. घड्याळ उघडून त्यात नेमकं काय केलं जातं आणि ते काम कुठे फसतं, यावर मात्र एक ओळही नव्हती. तेवढ्यासाठी हे पत्र. ते लांबलं आहे, पण असा निर्णय घेताना लाखो रुपयांची वस्तू पणाला लागते, म्हणून सविस्तर लिहिलं आहे.

बदल केल्याने घड्याळ सुधारलं का, हे ठरवताना मी दोन गोष्टी बघतो. घड्याळ ज्या कामासाठी बनलं ते काम बदलानंतर जास्त चांगलं होतं का? आणि उद्या मन बदललं तर घड्याळ पूर्वीसारखं करता येईल का? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर दुसऱ्याबाबत थोडी सूट देता येते. दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर त्याला सुधारणा म्हणू नये. मालकाला ते आवडत असेल तर खुशाल करावं, घड्याळ त्याचं आहे.

उदाहरण म्हणून रोलेक्सचं सबमरीनर घेऊ, कारण सर्वांत जास्त प्रयोग त्याच्यावरच होतात. 1953 साली पाण्याखाली बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांसाठी (डायव्हर्ससाठी) आलेलं हे घड्याळ. त्याच्यावरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट पाण्याखालच्या कामातून आली आहे. काचेभोवतीची फिरती कडा, म्हणजे बेझल, पाण्याखाली किती मिनिटं गेली ते दाखवते. ती एकाच दिशेने फिरते, म्हणजे चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी दिसत नाही. काळ्या डायलवरचे मोठे चमकणारे ठिपके अंधारात वाचता येतात. चावी स्क्रूने आवळली जाते, तिच्यात पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगांचे थर असतात. अनेकांच्या संग्रहात असलेलं 16610 हे मॉडेल 300 मीटरपर्यंतच्या दाबासाठी आहे. केस म्हणजे बाहेरचं स्टीलचं कवच 40 मिलिमीटरचं, पट्ट्याची जागा 20 मिलिमीटर आणि आत 3135 हे मशीन. 'आयकॉन' हा शब्द त्याला नंतर चिकटला.

सबमरीनरमध्ये बदल करून ते खरोखर सुधारलेलं आहे, आणि त्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. 1970 च्या दशकात ब्रिटिश संरक्षण खात्याने आपल्या डायव्हर्ससाठी रोलेक्सकडून वेगळी सबमरीनर करून घेतली. पट्टा धरणारा स्प्रिंगबार झटक्याने निसटू शकतो, म्हणून त्याजागी पक्का दांडाच बसवला. नेहमीच्या बेझलवर पहिल्या 15 मिनिटांच्याच रेघा असतात, इथे पूर्ण 60 मिनिटांच्या आखल्या. तास आणि मिनिटाचे काटे रुंद, तलवारीच्या पात्यासारखे केले, म्हणजे गढूळ पाण्यात ते पटकन दिसावेत. फ्रान्समधल्या मार्सेयच्या कोमेक्स या कंपनीचे पाणबुडे दिवसचे दिवस हेलियम मिसळलेल्या हवेत राहायचे. हेलियमचे अणू इतके लहान की ते रबरी रिंगांतूनही घड्याळात शिरत. दाब उतरवताना आत अडकलेला वायू बाहेर पडायला वाट शोधे आणि काच उडवून लावी. त्यावर उपाय म्हणून केसच्या बाजूला एक झडप आली. पुढे ती सी-ड्वेलर या मॉडेलचा कायमचा भाग झाली. हेही कस्टमायझेशनच. पण इथे आधी अडचण होती आणि मग बदल झाला, आणि बदल करणारा कारखाना तोच होता ज्याने केस घडवली होती.

आता लेखातल्या काळ्या सबमरीनरकडे येतो. काळा रंग मुळात वाईट नाही. 1972 साली फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी आखलेला पोर्शे डिझाइनचा क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) पूर्ण काळा होता. मोटारीच्या डॅशबोर्डवरची यंत्रं काळी असतात, ती चकाकत नाहीत आणि पटकन वाचता येतात, हा त्यामागचा विचार. ते घड्याळ काळं असण्यासाठीच आखलेलं होतं. तयार स्टीलच्या घड्याळावर नंतर चढवलेला काळा थर ही निराळी गोष्ट आहे.

ते काम कसं चालतं ते पाहा. आधी मशीन बाहेर काढतात. मग बेझल, तिच्याखालची स्प्रिंग, काच, काचेभोवतीची रिंग आणि चावीची नळी काढतात. ही नळी केसमध्ये आट्यांवर बसलेली असते आणि खास किल्लीने सोडवावी लागते. चेनच्या कड्या सुट्या करतात. उरलेली रिकामी केस अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिकंपनांनी धुणाऱ्या यंत्रात) धुतात. यानंतरची पायरी सहसा ग्राहकाला कुणी सांगत नाही: लेप देण्याआधी केस घासावी लागते. कारण लेप एक ते चार मायक्रॉन जाडीचा असतो, त्याने ओरखडा बुजत नाही, उलट काळ्यावर तो जास्त उठून दिसतो. म्हणून जुने ओरखडे निघेपर्यंत धातू खरवडतात. लग म्हणजे केसचे पट्टा धरणारे पाय. त्यांच्या टोकाशी असलेली तिरपी धार या घासकामात गोल होते किंवा नाहीशीच होते. गेलेला धातू परत येत नाही. लेझरने धातू भरून पुन्हा धार काढणारे कारागीर युरोप-अमेरिकेत आहेत, पण तो खर्च लेपाच्या खर्चाला मागे टाकतो.

मग केस निर्वात पेटीत जाते. डीएलसी म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप साधारण दीडशे ते अडीचशे अंश सेल्सिअसला बसतो, म्हणून रबर, प्लॅस्टिक, गोंद असं काहीही आत राहता कामा नये. मागच्या झाकणाचे आटे आणि चावीच्या नळीचे आटे झाकून ठेवावे लागतात. झाकले नाहीत तर झाकण कडक बसतं, मग कुणीतरी जोर लावून फिरवतं आणि आटे खरडले जातात. त्यानंतर ते झाकण कधीच नीट बंद होत नाही.

लेपाच्या कडकपणाची जाहिरात जोरात होते आणि ती खोटी नसते. विकर्स मोजमापात डीएलसी दीड हजारापासून तीन हजारांपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातो, तर खालचं स्टील दोनशेच्या आसपास असतं. अडचण याच फरकात आहे. गादीवर काच अंथरावी तसा हा प्रकार होतो: काच ओरखडत नाही, पण गादी दबली की तडकते. दरवाजाच्या कडेवर मनगट आपटलं, स्टीलला खळगा पडला, की वरचा लेप भेगाळतो आणि काळ्यात रुपेरी टवका दिसायला लागतो. त्यावर रंग लावून चालत नाही. पूर्ण केस पुन्हा सोलून, पुन्हा घासून, पुन्हा लेप द्यावा लागतो, म्हणजे आणखी धातू गेला. चेनमध्ये कड्या एकमेकींवर घासतात तिथे आणि क्लास्पच्या, म्हणजे चेन बंद करणाऱ्या खटक्याच्या, आतल्या पात्यावर लेप आधी उडतो. काळी सबमरीनर दोन-चार वर्षांनी पाहायची असेल तर आधी क्लास्प उघडून पाहावं.

पाण्याचा प्रश्न राहतोच. एवढं सगळं सुटं केल्यावर प्रत्येक रिंग नवी लागते आणि काच प्रेसखाली सरळ बसावी लागते. ती केसाएवढी तिरकी बसली तरी बाहेरून कळत नाही, पावसाळ्यात कळतं. आपल्याकडच्या जून महिन्यातल्या हवेत तर घड्याळ पाण्यात न घालताही काचेआड वाफ धरते. म्हणून काम परत घेताना दाबचाचणी समोर करून घ्यावी. आधी कोरडी, हवेच्या दाबाची चाचणी करतात. तीत केस किती दबते हे यंत्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतं. केस दबून तशीच राहिली तर हवा आत जात नाही. हळूहळू सैल पडली तर गळती आहे. त्यानंतर वाफेची चाचणी: घड्याळ 40 ते 45 अंशांवर गरम करायचं, काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. आतल्या बाजूने धुकं दिसलं तर आत ओल आहे. पाणबुड्यांच्या घड्याळांचं आयएसओ 6425 हे मानक छापील खोलीच्या सव्वापट दाब मागतं. 300 मीटरच्या घड्याळाची चाचणी फक्त तीन बारवर (म्हणजे सुमारे 30 मीटरच्या दाबावर) करून 'वॉटरप्रूफ आहे' असं सांगणाऱ्याला हात धुताना ते चालेल एवढंच ठाऊक झालेलं असतं.

डायल बदलणं वरवर निरुपद्रवी वाटतं. जुनी डायल डबीत ठेवली की झालं, अशी समजूत असते. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या ठरलेल्या भोकांत जातात आणि कडेच्या छोट्या स्क्रूंनी धरले जातात. बाहेरच्या डायलचे पाय जरासे चुकले की कारागीर ते कापतो आणि डायल दुहेरी चिकटपट्टीच्या ठिपक्यांवर बसवतो. मग डायल उंच होते आणि उन्हातान्हात सरकते. आधी तारखेची खिडकी अंकाच्या मध्यावरून ढळते, नंतर काटे अडखळतात. तास, मिनिट आणि सेकंद या तीन काट्यांमधली अंतरं मिलिमीटरच्या काही दशांश भागांची असतात. डायलवर खडे किंवा जाड अंक बसवले की तास काटा त्यांना घासतो. तो थोडा वर उचलला की मिनिट काट्याला लागतो, आणि सर्वांत वरचा सेकंद काटा काचेला. 'रात्री बाराच्या सुमारास घड्याळ बंद पडतं' ही तक्रार अशा घड्याळांत हमखास येते. बाराला तिन्ही काटे एकावर एक येतात, त्याच वेळी तारीख बदलण्याचा भारही मशीनवर असतो.

काटे वारंवार काढले-बसवले की त्यांची भोकं सैल होतात आणि धक्क्याने मिनिट काटा गळून पडतो. काट्यांवर नवा चमकणारा लेप भरताना डिंक कमी पडला की तो सुकून भुगा होतो, आणि तो भुगा सरळ मशीनच्या तेलात जातो.

जुन्या डायलबद्दल एक गोष्ट ठळक छापावी अशी विनंती आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घड्याळांच्या डायलवर चमकण्यासाठी रेडियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरला जाई. त्याची चमक कधीच विझलेली असते, कारण चमकणारी पूड मरते. रेडियम मरत नाही, त्याचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचं आहे. अशी डायल 'ताजी' करण्यासाठी ठिपके खरवडले तर ती धूळ श्वासातून फुप्फुसात जाते. ते काम कोणत्याही गल्लीतल्या टेबलावर होऊ नये, आणि घरी तर मुळीच नाही. नंतर आलेल्या ट्रिटियमचं अर्धायुष्य बारा वर्षांच्या आसपास आहे. 1970 च्या सबमरीनरवरचे ठिपके आता अंधारात चमकत नाहीत ते त्यामुळेच. त्यांचा दुधाळ पिवळा रंग हीच आज त्या घड्याळाची किंमत आहे, आणि हौशी माणूस नेमके तेच पांढरेशुभ्र करून मागतो.

डायलमागे किती पैसा आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो. हॉलीवूडचे अभिनेते पॉल न्यूमन यांची स्वतःची 6239 डेटोना ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलिप्स लिलावात सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरना गेली. ती त्यांच्या मनगटावर होती हे मोठं कारण खरं, पण तिच्यावरची ती वेगळी डायल साध्या डेटोनाची किंमतही कित्येक पटींनी वाढवते. म्हणून साध्या डेटोनांत तशा डायल घातल्या गेल्या, आणि नव्याने छापलेल्याही घातल्या गेल्या. डिसेंबर 2021 मध्ये पाटेक फिलिपचं टिफनी निळ्या डायलचं नॉटिलस त्याच लिलावघरात 65 लाख डॉलरच्या आसपास गेलं आणि पाठोपाठ जगभर त्या रंगाच्या बाहेरच्या डायलचा सुकाळ झाला. पाटेकने ती 170 घड्याळं टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्यांसोबत मिळून काढली होती. बाजारातली बाकीची फक्त रंगवलेली आहेत.

आपल्याकडे तर या विद्येचं जुनं घराणंच आहे. परदेशी संग्राहक ज्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात ती घड्याळं मुख्यतः जुन्या एचएमटी, फाव्र-ल्युबा, सैको 5 यांची असतात. डायल खरवडून भडक रंगात नव्याने रंगवलेली, केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे. ओळखायला सोपी असतात. भिंगाखाली अक्षरं जाड आणि फुगलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा ठशांशी जुळत नाहीत, मिनिट काटा रेघांपर्यंत पोचत नाही, रंग डायलच्या कडेवरून खाली ओघळलेला असतो. दोन-तीन हजारांत लाल डायलचा एचएमटी हौसेने घालावा, त्यात गैर काही नाही, पण विकताना 'कंपनीचा माल, न वापरलेला' असं लिहिलं जातं, ती फसवणूक आहे. मशीन मात्र बरेचदा साधं, दणकट आणि दुरुस्त करता येण्याजोगं निघतं. माझ्या मते अशा एचएमटीवर हात साफ करून मगच कुणीही महागड्या घड्याळाकडे वळावं.

हिऱ्यांचं थोडक्यात लिहितो. सोनं मऊ असतं, त्याचे दाणे दाबून खड्यावर चढवता येतात. स्टील दाबलं की ताठर होत जातं, दाणा नीट वळत नाही, आणि बरेच कारागीर मग गोंदाचा आधार घेतात. गोंदाने बसवलेला खडा अल्ट्रासॉनिकमध्ये निघतो. प्रत्येक खड्यासाठी केसच्या भिंतीत खळगा पाडावा लागतो. भिंत पातळ झाली की 300 मीटरचा आकडा फक्त डायलवर उरतो. रॉयल ओकचं दुखणं आणखी वेगळं. जेराल्ड जेंटा यांनी आखलेल्या आणि 1972 साली बाजारात आलेल्या या घड्याळाची सगळी गंमत ब्रश केलेला पृष्ठभाग आणि चकचकीत तिरपी कड यांच्या धारदार सीमेत आहे. अष्टकोनी बेझलवरचे आठ षटकोनी स्क्रू आपापल्या खाचांत अचूक बसतात. त्या सगळ्यावर खड्यांचा थर दिला की जेंटांनी आखलेलं सारं झाकलं जातं आणि उरतो तो खड्यांना धरणारा सांगाडा. खडे बहुतेक एक-दोन मिलिमीटरचे असतात, विकताना त्यांचे पैसे जवळजवळ येत नाहीत. शिवाय ते नैसर्गिक आहेत का, प्रयोगशाळेतले आहेत का मॉइसनाइट आहेत, हे साध्या उष्णतेच्या टेस्टरने कळत नाही. मॉइसनाइट त्यावर हिरा म्हणून पास होतो आणि प्रयोगशाळेतला हिरा तर हिराच असतो. एकट्या बेझलवर खडे असतील आणि मूळ बेझल जपून ठेवली असेल तर निदान घड्याळ वाचतं. केसला भोक पाडलं की परतीची वाट बंद होते.

मशीन कोरून आरपार दिसेल असं करणारे काही उत्तम कारागीर आहेत. त्यांच्या हातची कड न्याहाळायला मलाही आवडते. पण डायलवर 'सुपरलेटिव्ह क्रोनोमीटर, ऑफिशियली सर्टिफाइड' असं छापलेलं असतं, आणि ती चाचणी न कोरलेल्या मशीनची झालेली असते. मशीनची चाकं धरणाऱ्या पट्ट्यांतला, म्हणजे पुलांतला, धातू काढल्यावर ते शब्द त्या मशीनला लागू राहत नाहीत. असं काम करून घेतलंच तर टाइमग्राफरचा (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचा) कागद मागावा: पाच स्थितींत दिवसाला किती सेकंद मागेपुढे, पूर्ण चावीवर बॅलन्स चाकाचा झोका किती अंश (डायल वर ठेवून 270 ते 300 हवा), चोवीस तासांनी किती, आणि बीट एरर (टिक आणि टॉक यांमधल्या वेळेतला फरक) किती. 3135 साठी यंत्रावर लिफ्ट अँगल (झोका मोजण्यासाठी यंत्राला द्यावा लागणारा त्या मशीनचा कोन) 52 लावला आहे का, तेही विचारावं. तो चुकीचा लावला तर झोका हवा तेवढा फुगवून दाखवता येतो.

मग करावं तरी काय? पट्टा बदलावा. सबमरीनर रबरी किंवा कापडी पट्ट्यावर उन्हाळ्यात चेनपेक्षा सुखाचं वाटतं. लगच्या आतल्या बाजूला टेप लावून, योग्य चिमट्याने काम केलं तर ओरखडाही उठत नाही. स्प्रिंगबार मात्र त्याच घड्याळाचे जाड मापाचे घ्यावेत. बारीक बार भोकात खुळखुळतो आणि भोक लंबगोल करतो. चेनच्या कडीचा स्क्रू सुटत नसेल तर जोर लावू नये. त्याला गोंद असतो, हेअर ड्रायरने कडी तापवली की सुटतो. 16610 च्या बेझलमधली ॲल्युमिनियमची चकती बदलता येते, फक्त मूळ चकती उचकटताना ती वाकते, म्हणून बेझल केसवरून काढून चकती आतून दाबून बाहेर काढावी. तारखेवरचं भिंग अनेकांना खुपतं. ते तापवून उडवण्यापेक्षा सपाट काच बसवावी आणि भिंगाची काच डबीत ठेवावी. हे सगळे बदल एका दुपारी उलटे फिरवता येतात, आणि पट्ट्याचा बदल घड्याळ वापरायला खरोखर सोपं करतो.

कंपनीच्या सर्व्हिसिंगलाही मी बदलच मानतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. जुन्या घड्याळाचे पिवळट काटे आणि डायल 'खराब' म्हणून बदलून नवे बसवणं, केस पॉलिश करणं हे अधिकृत केंद्रांतही होत आलं आहे. म्हणून घड्याळ देतानाच पावतीवर लिहून घ्यावं: पॉलिश करू नये, डायल आणि काटे बदलू नयेत, बदलावे लागले तर आधी विचारावं. उलट बाजूनेही अडचण आहे. बाहेरचे भाग असलेलं घड्याळ अधिकृत केंद्र सहसा घेत नाही, किंवा मूळ भाग मालकाच्या खर्चाने बसवण्याची अट घालतं. रोलेक्सची 2015 पासूनची पाच वर्षांची हमीही बाहेरचा भाग बसवला की संपते.

लेखात कायद्याचा उल्लेखच नव्हता. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने 19 जानेवारी 2024 रोजी रोलेक्स आणि जिनिव्हातल्या एका कार्यशाळेच्या खटल्यात जी रेघ ओढली ती समजायला सोपी आहे. मालकाने स्वतःचं घड्याळ स्वतःच्या वापरासाठी बदलून घेतलं तर त्यात व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्कचा) भंग नाही, मूळ नाव डायलवर राहिलं तरी नाही. बदललेली घड्याळं कंपनीच्या संमतीशिवाय तिच्याच नावाने बाजारात विकायला ठेवली तर भंग आहे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने बाहेरच्या बेझल आणि खडे बसवून रोलेक्स विकणाऱ्या टेक्सासच्या विक्रेत्याविरुद्ध भंगाचा निर्णय कायम ठेवला. आपल्या 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यातलं कलम 30(4) याच अंगाने जातं: वस्तू बाजारात आल्यावर तिची अवस्था बदलली किंवा बिघडवली असेल तर चिन्हाचा मालक तिच्या पुढच्या विक्रीला हरकत घेऊ शकतो. म्हणजे घालणाऱ्याला भीती नाही, बदललेली घड्याळं विकण्याचा धंदा मांडणाऱ्याने मात्र वकील गाठावा. काही जण या कटकटीतून सरळ मार्गाने सुटले. लंडनचे जॉर्ज बॅमफर्ड आधी रोलेक्स काळी करून विकत. 2017 पासून त्यांनी टॅग ह्यूअर आणि झेनिथ यांच्याशी रीतसर करार करून तेच काम कंपनीच्या हमीसह सुरू केलं.

एवढं वाचूनही कुणाला घड्याळ बदलूनच घ्यायचं असेल तर काम देण्याआधी केस, लग, डायल, मशीन आणि क्रमांक यांची जवळून छायाचित्रं घ्यावीत. जुन्या रबरी रिंगा सोडून निघालेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, परत मिळेल असं कागदावर घ्यावं. विमा असेल तर कंपनीला बदल कळवावा, नाहीतर दाव्याच्या वेळी 'वर्णन जुळत नाही' हे उत्तर मिळतं. आणि काम परदेशात करून घ्यायचं असेल, घड्याळ स्वतः मनगटावर घेऊन जायचं असेल, तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून त्याच्या क्रमांकासह एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यावं. ते नसेल तर परतल्यावर आपलंच जुनं घड्याळ नव्याने आणलेलं नाही हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. त्या सर्टिफिकेटवर बदलाआधीचं वर्णन असणार, म्हणून कारागिराचं तपशीलवार बिल सोबत ठेवावं. झालेल्या कामाच्या रकमेवर कर लागू शकतो, तो भरायची तयारी ठेवावी.

आपला,
घड्याळदुरुस्तीच्या व्यवसायातला एक वाचक, पुणे